चौथ्या ग्रेडचा गुडघा आणि करंटचं मशीन

गुडघेदुखीवरचा एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘झीज चौथ्या ग्रेडला गेली की हाडावर हाड घासतं. चालणं-व्यायाम बंद करा, नाहीतर उरलीसुरली कूर्चाही (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) जाईल. त्याऐवजी करंटचं मशीन लावा, कूर्चा पुन्हा वाढते. ऑपरेशन कायमचं टळतं.’ पहिल्या वाक्यात तथ्य आहे, म्हणून त्यामागची वाक्यंही पटून जातात.

आधी ग्रेडचं बघू. ही प्रतवारी एक्स-रेची आहे, माणसाची नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली ती मांडली, शून्य ते चार अशी. चौथीत सांध्यातली फट जवळजवळ मिटलेली असते, हाडांना मोठाले काटे फुटलेले असतात. पण फिल्मवरची झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बरेचदा बसत नाही. कूर्चेला चेतातंतूच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचं आवरण. मांडीत किती ताकद उरली आहे हे तर एक्स-रे सांगतच नाही.

‘वापराल तितकं झिजेल’ हा हिशेब टायरला लागू पडतो. कूर्चा जिवंत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी तिच्यावर दाब पडणं नि सुटणं गरजेचं असतं. पाय हलवायचं थांबवलं की पहिला फटका मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूला बसतो. सुजलेल्या गुडघ्यात त्या स्नायूला मिळणारे चेतासंदेश तसेही दबलेले असतात. त्यात विश्रांतीची भर पडली की तो झपाट्याने रोडावतो. मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, जिना टाळला जातो, वजन वाढतं. वजन जास्त असलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात १ किलो वजन घटल्यावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी झालेला दिसला. उलट दिशेचा हिशेब वाचकांनीच करावा.

अर्थात ‘व्यायाम करा’ म्हणजे उद्यापासून उठाबशा काढा असं नाही. तीव्र झिजेत सुरुवात पलंगावरच होते: पाय सरळ ठेवून मांडी आवळणं, मग पाय सरळ उचलणं, मग उंच खुर्चीतून उठणं-बसणं. जमत असेल तर पाण्यात चालणं किंवा स्थिर सायकल. करताना थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, तर मात्रा कमी करायची, व्यायाम सोडायचा नाही. गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि तापही आला, तर मात्र आधी डॉक्टर. फायदा चमत्काराएवढा नसतो: सरासरीने दुखणं काहीसं कमी होतं, हालचाल काहीशी सुधारते. वाकडा झालेला पाय व्यायामाने सरळ होत नाही, हेही सांगून टाकायला हवं.

आता मशीन. टेन्स म्हणजे त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य करंट देणारं यंत्र. त्याचा करंट त्वचेतल्या नसांना डिवचतो आणि दुखण्याचा संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर अडवतो. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट’ सिद्धांत तो हाच. यात कूर्चा कुठेच येत नाही. कोणत्याही करंटने माणसाच्या गुडघ्यात झिजलेली कूर्चा पूर्ववत झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. उलट उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी झिजेच्या या संधिवातात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) टेन्स, आयएफटी (करंटचाच आणखी एक प्रकार), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) देऊ नका असं सांगितलं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये टेन्सविरुद्ध ठाम शिफारस केली, आणि व्यायामाच्या बाजूने तितकीच ठाम. माझं मत यापेक्षा थोडं मवाळ आहे. वीस मिनिटं टेन्स लावून कुणाचं दुखणं तासभर दबत असेल आणि तेवढ्या वेळात तो व्यायाम करत असेल, तर लावू द्यावं. मशीन लावून नुसतं पडून राहायचं आणि घरी जायचं, याला मात्र माझा विरोध आहे. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट घेऊ नये. बधिर त्वचेवर किंवा जखमेवरही तो लावू नये. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

राहिलं ऑपरेशन. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचा गुडघा बदलला आणि नंतर व्यायामासह इतर उपचार दिले. उरलेल्यांना फक्त ते उपचार. वर्षभराने ऑपरेशनवाल्या गटात सुधारणा स्पष्ट जास्त होती, गंभीर गुंतागुंतीही जास्त. मात्र दुसऱ्या गटातही सुधारणा झाली, आणि त्यातल्या साधारण चौघांपैकी एकानेच वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे ‘कायमचं टळतं’ हेही खोटं आणि ‘चौथी ग्रेड म्हणजे ऑपरेशनच’ हेही. काही महिने नेटाने व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर सर्जनला भेटण्यात हार नाही. आणि ऑपरेशन ठरलंच, तरी मांडीच्या त्या स्नायूपासून सुटका नाही: नव्या सांध्यावर उभं करताना बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच त्याचे व्यायाम सुरू होतात.