आधी तळमजला दाखवा

परवा आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पत्रे लागले. पत्रे लागले की पुढचं सगळ्यांना पाठ असतं. महिनाभरात जुनी इमारत खाली येते, मग दोन-तीन वर्षं धूळ, डंपर आणि रात्री-अपरात्री चालणारं काँक्रीट, आणि मग एक दिवस पत्रे निघतात. पत्र्यांवर नव्या इमारतीचं मोठं चित्र लावलंय. बावीस मजले, मागे निळं आभाळ, गच्चीवर झाडं. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. मला त्यात एकच गोष्ट बघायची होती आणि नेमकी तीच दिसत नव्हती. इमारत जिथे जमिनीला टेकते तिथे धूसर झाडी काढलीय आणि चार माणसांच्या करड्या आकृत्या. त्या झाडीमागे काय आहे, दरवाजे आहेत की भिंत, हे चित्रावरून कळायला काही मार्ग नाही.

नव्या इमारतींना माझा विरोध नाही, हे आधी सांगते. जी पाडणार आहेत त्या इमारतीत मी लहानपणापासून ये-जा केलीय. तिला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी गेली चार वर्षं खाली उतरलेल्या नाहीत. मागे त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना एकेक पायरी खाली आणलं. त्या पूर्ण वेळ डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. छताच्या सळया बाहेर आल्यात, न्हाणीघराची ओल शेजारच्या खोलीत उतरलीय. त्या घरातल्या माणसांना कोरडं, लिफ्टचं, सुरक्षित घर मिळायलाच हवं. शहरात नव्याने येणाऱ्यांनाही घरं हवीत आणि ती कुठेतरी बांधावीच लागणार. उंचीवरून भांडणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांशी माझं पटत नाही ते यामुळेच. बावीस मजले की बारा, यावर आम्ही तासन्‌तास बोलतो, आणि जमिनीपासूनच्या पहिल्या चार मीटरांत काय होणार हे कुणी विचारतच नाही.

याच रस्त्यावर सहा वर्षांपूर्वी तीन जुन्या इमारती एकत्र करून एक मोठी इमारत झाली. त्या तीन इमारतींना मिळून रस्त्यावर उघडणारी चौदा दारं होती. मला आकडा आठवतो, कारण पाडायच्या आदल्या आठवड्यात मी फोटो काढले होते आणि नंतर ते बघून मोजले. आता तिथे एक गेट आहे, बूम बॅरियर आहे, गाड्यांचा रॅम्प आहे, जाळीमागे ट्रान्सफॉर्मर आहे आणि बाकी सगळी डोक्याच्या वर जाणारी भिंत. भिंतीमागे तीन मजले गाड्या. माणूस राहतो तो चौथ्या मजल्यापासून पुढे. रॅम्पपाशी फूटपाथ एकदम खाली घसरतो आणि पुन्हा वर चढतो, म्हणजे बाबागाडी किंवा काठी असलेल्याने दोनदा तोल सांभाळायचा. गाडी बाहेर येताना भोंगा वाजतो आणि चालणारा दचकून थांबतो. इमारत वरून खरोखर देखणी आहे. बाल्कन्या छान आहेत, प्रकाश भरपूर आहे. पण रात्री नऊनंतर त्या बाजूने कुणी चालत नाही. मीही रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जाते. समोर अजून जुन्या इमारती आहेत, खिडक्यांत दिवे असतात, कुणीतरी पायरीवर बसलेलं असतं.

यान गेल या डॅनिश वास्तुविशारदाने आयुष्यभर माणसं शहरात कशी चालतात, कुठे थांबतात, कुठून घाईने निघून जातात हे मोजलं. त्याचं सांगणं असं, की चांगल्या रस्त्यावर शंभर मीटरला पंधरा ते वीस दारं असावीत. हिशोब करून बघा. माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो, म्हणजे शंभर मीटर साधारण ७२ सेकंदांत. वीस दारं असली तर दर साडेतीन-चार सेकंदांना डोळ्यांना काहीतरी नवं मिळतं: एखादी खिडकी, एखादा उंबरा, आत शिवणयंत्रावर वाकलेलं कुणीतरी. आमच्या त्या भिंतीशेजारून चालताना ७२ सेकंद काहीच मिळत नाही. तेवढंच अंतर दुप्पट वाटतं. गेल आणखी एक गोष्ट सांगतो. पाचव्या मजल्याच्या वर गेलं की राहणाऱ्याचा रस्त्याशी संबंध जवळजवळ तुटतो. हाक ऐकू येत नाही, चेहरा ओळखू येत नाही. म्हणजे बावीस मजल्यांच्या इमारतीचा रस्त्याशी बोलू शकणारा भाग खालचे चार-पाच मजलेच, आणि तेच आपण गाड्यांना देऊन टाकतो.

हे असं का होतं ते मला माझ्या एका वास्तुविशारद मैत्रिणीने कागदावर काढून दाखवलं. एक गाडी उभी करायला अडीच बाय पाच मीटर लागतात. तिला आत-बाहेर करायला वाट हवी, रॅम्प हवा. सगळं धरून गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. शंभर घरांना शंभर गाड्या म्हटलं तर अडीच-तीन हजार चौरस मीटर. आमच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटपेक्षा हे जास्त आहे. जमिनीखाली खोदणं महाग, पाण्याची भीती वेगळी, म्हणून गाड्या वर चढतात. "आम्ही आधी वरचे फ्लॅट बसवतो," ती म्हणाली. "मग कॉलम खाली येतात. दोन कॉलममध्ये तीन गाड्या बसल्या पाहिजेत, म्हणून आठ मीटरचं अंतर. मग मीटर रूम, पंप, टाकी, ट्रान्सफॉर्मर, अग्निशमनच्या गाडीची वाट. एवढं सगळं बसल्यावर जे उरतं त्याला आम्ही एन्ट्रन्स लॉबी म्हणतो." हे सांगताना तिला वाईट वाटत होतं. तिच्या हातात नियम असतात आणि मालकाची मागणी असते, आणि समोरून चालत जाणारा माणूस त्या दोन्हींत कुठेच नसतो.

अग्निशमनच्या गाडीची वाट हवीच, तिच्यावर वाद नाही. पार्किंगचं मात्र तसं नाही. घरामागे किमान इतक्या गाड्यांची जागा द्याच, ही सक्ती माणसांनीच लिहिलेली आहे आणि ती बदलता येते. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये ती काढून टाकली आणि उलट जास्तीत जास्त किती जागा ठेवता येईल याची मर्यादा घातली. आता तिथे बांधणारा कमी गाड्यांचा आराखडा घेऊन आला तर नियम त्याच्या आड येत नाही.

नुसती मोकळी जागा सोडली म्हणजे झालं असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली ३८ मजल्यांची इक्विटेबल इमारत रस्त्यालगत सरळसोट वर गेली आणि आजूबाजूच्या इमारतींचा सूर्य गेला. त्यातून १९१६ चा नियम आला, की उंच जायचं असेल तर वरचे मजले मागे घ्या. पुढे १९६१ मध्ये शहराने नवं आमिष दिलं: खाली लोकांसाठी एक चौरस फूट चौक सोडा, वर दहा चौरस फूट जास्त बांधा. बांधणाऱ्यांनी पटापट चौक सोडले. १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट या अमेरिकन शहर-अभ्यासकाने कॅमेरे लावून ते चौक दिवसच्या दिवस बघितले, तेव्हा अनेक चौक ओस पडलेले दिसले. कारण इतकं साधं होतं की वाचून मला गलबलून आलं. बसायला जागा नव्हती. १९७५ मध्ये नियमात बसण्याची सोय सक्तीची झाली. मी हे वाचलं तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या त्या सहा वर्षांपूर्वीच्या इमारतीसमोरचा ग्रॅनाइटचा पट्टा आठवला. त्याच्या कडेला लोखंडी टोकं बसवलीत, कुणी टेकू नये म्हणून.

उंचीचा त्रास होतो तोही बहुतेक वेळा खालीच जाणवतो. उंच, सपाट इमारतीवर वारा आदळला की त्यातला बराच भाग खाली ढकलला जातो आणि पायथ्याशी जोर धरतो. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये एका ३२ मजली इमारतीखाली २०११ मध्ये अशाच वाऱ्याने मालट्रक उलटला आणि रस्त्यावरून चालणारा माणूस दगावला. पुढे तिथे वारा अडवायला रस्त्यावर मोठाले पडदे उभारावे लागले. वाऱ्याची चाचणी आराखड्याच्या वेळीच, लहान प्रतिकृतीवर करता येते. त्याच वेळी विचारायचा प्रश्न आहे हा.

आमची इमारत कोपऱ्यावरची आहे, म्हणून बार्सिलोनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इल्डेफॉन्स सेर्दाने १८५९ मध्ये त्या शहराच्या विस्ताराचा आराखडा केला. ११३ मीटरचे चौकोनी ठोकळे, २० मीटर रुंद रस्ते, आणि प्रत्येक ठोकळ्याचे चारही कोपरे तिरके कापलेले. त्यामुळे प्रत्येक चौफुलीवर आपोआप एक छोटा चौक तयार झाला. वळताना समोरचं दिसतं, उजेड खाली येतो. सेर्दाला ठोकळ्यांच्या आत बागा हव्या होत्या. त्या पुढे बांधकामाने भरून गेल्या, पण कापलेले कोपरे टिकले, आणि दीडशेहून जास्त वर्षांनी अनोळखी माणसं त्या कोपऱ्यांवर बोलत उभी राहतात. एक कोपरा चार-पाच मीटर मागे घेतला तर आमच्या बिल्डरचं किती जातं? वरचे मजले तसेच ठेवून फक्त खालचा कोपरा कापता येतो, मैत्रिणीने तेही काढून दाखवलं.

"दारं हवीत म्हणजे दुकानं हवीत, आणि दुकानं रिकामी राहतात," असं मला बैठकीत सांगितलं गेलं. ही शंका खरी आहे. बंद शटरची रांग भिंतीइतकीच वाईट. पण सगळी दारं दुकानांची कशाला? खालच्या मजल्यावर घरं असू शकतात, रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर, म्हणजे आतलं खासगी राहतं आणि दार मात्र रस्त्यावर उघडतं. जपानमध्ये अगदी शांत, बैठ्या घरांच्या वस्तीतसुद्धा घरातच ५० चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुकान चालवता येतं, घराच्या निम्म्याहून कमी जागेत. एखादी शिकवणी, एखादा दवाखाना, सायकल दुरुस्ती. आणि जिथे दुकानंच करायची तिथे व्हिएन्नाच्या झेश्टाट आस्पर्न या नव्या वसाहतीत मुख्य रस्त्यावरचे गाळे एकाच व्यवस्थेकडे दिलेत. कुठल्या जागी काय लागेल ते ती ठरवते, म्हणजे वस्तीला जे हवं ते येतं आणि एकाच प्रकारची पाच दुकानं लागत नाहीत. मेहनतीचं काम आहे, पण होतं.

दुसरी शंका सुरक्षेची. ज्या काकांनी ती काढली त्यांच्या घरी पूर्वी चोरी झालीय, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घातला नाही. भिंत आणि गेट बघून त्यांना झोप लागते हे मला समजतं. मी त्यांना इतकंच विचारलं, की त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने तुमची नात क्लासहून परत येते तेव्हा तिला कोण बघतं? ते काही बोलले नाहीत, पण बैठक संपल्यावर आराखडा नीट बघायला थांबले.

आराखडा मिळवायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तळमजल्याचं पान सातवं निघालं, पहिली सहा पानं वरच्या मजल्यांची. रस्त्याकडेच्या ४६ मीटरांत दोन दारं आहेत आणि एक रॅम्प. आज तिथे नऊ दारं आहेत. मी मैत्रिणीच्या मदतीने तीन सूचना लिहिल्यात: रॅम्प मागच्या गल्लीत न्यावा, कोपरा तिरका कापावा आणि तिथे पाठ टेकता येईल असं बाक असावं, आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यात गाड्यांऐवजी किमान सात दारांची घरं किंवा गाळे यावेत. फ्लॅट एकही कमी होत नाही, गाड्या मात्र अकरा कमी होतात. इमारतीतल्या ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या चार घरांकडे गाडीच नाही.

हरकती-सूचना द्यायला अजून बारा दिवस आहेत. सातव्या पानाच्या प्रती काढून ठेवल्यात. रस्त्यावरच्या ज्यांना बघायचंय त्यांनी संध्याकाळी सातनंतर घरी या, वाचून पटलं तरच सही करा. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींची सही मी काल वर जाऊन घेतली. त्यांनी बाकाबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं. लिफ्टने खाली आल्यावर बसायचं कुठे, हे त्यांनी आधीच मनात धरलंय. बाक गेटच्या आत नको, कोपऱ्यावरच हवं, असं पत्रात लिहायला सांगितलंय. लिहिलंय.