पन्नास केबीत मावायचं कसं?

भाऊ, ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे ना? मग फोटो वावरातच काढा. मागं बोंडांनी लदलेली पराटी, बाजूला तुरीचं तास, वर ढगं. मोबाइल १२ मेगापिक्सेलचा असला की ४००० बाय ३००० पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा ऐवज तयार. पोर्टल ५० केबीच घेतं. एका एमबीत १०२४ केबी. म्हणजे साठ-ऐंशी पटीनं बारीक व्हायचं, बस.

पांढऱ्या चादरीपुढं मात्र उभं राहू नका. फोटो चेपून साठवणाऱ्या जेपीईजी प्रकाराला १९९२ पासून एकच खोड: सपाट रंग दिसला की थोडक्यात आटोपतो, पानं-फांद्या दिसल्या की एकेकीचा हिशेब लिहीत बसतो. चादरीपुढचा फोटो चटकन हलका होतो. शेतकऱ्याचं काम एवढं चटकन झालेलं बरं दिसतं का?

आधी क्रॉप करा, मग लांबी-रुंदी निम्मी करा, पिक्सेल चौथाईवर येतात, असं कुणी शिकवायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आपण फाइलच्या नावातलं पीएनजी खोडायचं आणि जेपीजी लिहायचं. वजन तेवढंच राहतं, पण हात चालल्याचं समाधान मिळतं.

नाहीच जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर पोट्ट्याला पाठवा. तिथं फोटो बराच चेपला जातो. (डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळचा तसाच जातो; ते शहाण्यांसाठी.) पोट्ट्यानं स्क्रीनशॉट काढून सेतूवाल्याला धाडला की तुमच्या डोक्यावर मोबाइलची १४ टक्के बॅटरीही कागदपत्रांत जमा होते. नाहीतर फुकटात फोटो बारीक करणारी जी वेबसाइट पहिली सापडेल तिच्यावर आधार, पासबुक, सातबारा सगळं चढवा. ती कुणाची, हे विचारणं आपल्या पाहुणचारात बसत नाही.

एवढं करून फोटो १८ केबीचा झाला, की पोर्टल सांगतं, किमान २० पाहिजे. आता फुगवा.

खरी मजा नुकसानीच्या फोटोत आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या हंगामापर्यंत पीक विम्याच्या नियमाप्रमाणे स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यावी लागायची. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेत, ते अगदी जवळून टिपा. मग दाबा, पुन्हा दाबा. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो; फार चेपलं की ते उघडे पडतात आणि कोंब आधी जातो, मग शेंग. उरतात मातकट ठोकळे. ते पाहून साहेब लिहितात, ‘फोटो अस्पष्ट, पुन्हा अपलोड करा.’

हे उत्तर येईस्तोवर सोयाबीन निघून वखर फिरलेला असतो, हरभऱ्याची तयारी चालू असते. तरी त्याच धुऱ्यावर उभे राहून फोटो काढा. ना पानं, ना शेंगा, खाली काळी माती, वर मोकळं आभाळ. एकाच दमात अपलोड होतो.