आधी माणसे की आधी लोकल? उलव्याच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नवी मुंबईतल्या उलव्याची वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने तिथली सार्वजनिक वाहतूक वाढली नाही, अशा आशयाच्या माझ्या मागील लेखाखाली ‘खाडीपलीकडचा’ या नावाने आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे. ती मी एकही शब्द न गाळता प्रसिद्ध केली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपले म्हणणे असे, की हा लेख म्हणजे नवी मुंबईतल्या जुन्या रहिवाशांचे नेहमीचे रडगाणे आहे. ‘आधी माणसे येतात, मग गाड्या येतात, हा साधा नियम लेखकाला ठाऊक नसावा’. रिकाम्या लोकल पळवून तोटा कोणी सोसायचा, याचा विचार लेखात नाही. लाँचचा साधा उल्लेखही नाही. विमानतळ सुरू झाला असून मेट्रोही येणार असल्याने प्रश्न आपोआप सुटेल. आणि शेवटी, लेखक स्वतः उलव्यात राहिला आहे का?

मतभेदाचे मला वावडे नाही. या ब्लॉगवर कचराभूमीपासून खारफुटीपर्यंत अनेक विषयांवर वाचकांनी माझे कान उपटले आहेत आणि त्यांच्याशी माझा आजही उत्तम संवाद आहे. परंतु ‘रडगाणे’ हा शब्द वापरून आपण चर्चेचे दार आधीच अर्धे लावून घेतलेत. रोज पहाटे उलव्यातल्या बामणडोंगरी स्थानकाच्या फलाटावर उभे राहणारे लोक रडत नसतात, ते गाडीची वाट पाहत असतात. त्यांच्या वतीने कोणी चार ओळी लिहिल्या तर त्या खोडून काढण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्यांची टिंगल करण्याचा अधिकार मात्र वेगळा मागावा लागतो, आणि तो मी दिलेला नाही.

लाँचबाबतचा आपला आक्षेप मला मान्य आहे. उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ही या किनाऱ्यावरची जुनी सार्वजनिक वाहतूक आहे आणि खाडीकाठच्या वस्तीवर लिहिताना तिला दोन ओळी मिळायला हव्या होत्या. मात्र तिचा उल्लेख केला असता तर मोऱ्याला गाळ साचतो, ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि वेळापत्रक भरतीवर अवलंबून राहते, हेही लिहावे लागले असते. दहा वाजता फोर्टातल्या कार्यालयात हजर राहायचे असलेला माणूस पंचांगातली भरती पाहून घराबाहेर पडू शकत नाही. शिवाय मोरा हे उरणकरांना सोयीचे आहे, उलवेकराला ते उलट्या दिशेला पडते. आपला मुद्दा मी घेतला, पण त्याने आपल्या बाजूला फारसे बळ येत नाही.

आता ‘आधी माणसे, मग गाड्या’ या वाक्याकडे येतो, कारण आपल्या सगळ्या प्रतिक्रियेचा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे.

मुंबईच्या खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या नगररचनाकारांनी 1965 मध्ये मांडली. 1970 मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. वाशीला पहिली लोकल पोहोचली ती मे 1992 मध्ये. म्हणजे आपला नियम या शहरावर 22 वर्षे वापरून पाहिला गेला आहे आणि त्याचा निकाल आम्ही अंगावर काढला आहे. आमचे कुटुंब ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीच्या सेक्टर 9 मधल्या सिडकोच्या जेएन टाइप घरात राहायला आले. वडील फोर्टात एका खासगी कचेरीत होते. हार्बरची लोकल तेव्हा मानखुर्दला संपत असे. वाशीहून बसने खाडीपूल ओलांडून मानखुर्दला जायचे आणि तिथून लोकल पकडायची, हा त्यांचा रोजचा क्रम होता. पुलावर एखादा ट्रक बंद पडला की बस जागच्या जागी उभी राही आणि आतले लोक पावसात उतरून चालू लागत. वडिलांची छत्री दाराशी निथळत उभी केलेली असे, तिच्याखाली साचलेल्या पाण्यावरून आज पूल किती वेळ अडला होता याचा अंदाज आई करी. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. ‘नियम ठाऊक नसावा’ असे आपण लिहिले आहे म्हणून सांगतो. ज्या नियमाखाली माझे बालपण गेले तो मला कोणी प्रतिक्रियेतून शिकवण्याची गरज नाही.

त्या 22 वर्षांत माणसे आली नाहीत असे नाही, पण ती बिचकत आली आणि पुष्कळशी आलीच नाहीत. मंत्रालय आणि त्याच्याभोवतीची कार्यालये खाडी ओलांडून येतील असे गृहीत धरले होते. ती नरिमन पॉइंटलाच राहिली. वाशीत घर घेऊन ते बंद ठेवणारे, भाड्याने न देता नुसतेच धरून बसणारे लोक आमच्या इमारतीत होते, कारण रोज जायचे कसे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. लोकल आल्यानंतर पुढच्या काही वर्षांत त्याच इमारतीतल्या बंद खिडक्या उघडल्या. इतका सरळ पुरावा समोर असताना, माणसांनी आधी यायचे की गाडीने, हा वाद आपण 2026 मध्ये पुन्हा कोऱ्या पाटीवर का लिहायला घेतला, हे मला समजत नाही.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरता. गाडी येण्याआधी आलेली माणसे स्वस्थ बसत नाहीत, ती आपापली सोय करतात. आमच्या शेजाऱ्यांनी लोकलची वाट पाहून शेवटी स्कूटर घेतली. पुढे 1992 मध्ये लोकल आली, तोवर स्कूटरच्या जागी मोटार आली होती, आणि ते गृहस्थ निवृत्त होईपर्यंत लोकलमध्ये चढले नाहीत. उलव्यात आज हेच चालले आहे. संध्याकाळी कुठल्याही सेक्टरमध्ये चक्कर मारावी. सोसायटीच्या आतली जागा भरल्यावर दुचाकी पदपथावर येतात आणि मोटारी रस्त्याच्या दोन्ही कडांना लागतात. ही वाहने हौसेने घेतलेली नाहीत. तुमच्या नियमाने ती घ्यायला लावली आहेत.

आणि हा नियम सगळ्यांना सारखा लागू असता तरी मी गप्प बसलो असतो. शिवडी ते चिर्ले हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुमारे 17,840 कोटी रुपये खर्चून उभा राहिला आणि 12 जानेवारी 2024 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तो बांधण्याआधी कोणी समुद्रकाठी उभे राहून पलीकडे जाऊ न शकणाऱ्या मोटारी मोजल्या होत्या काय? पुढच्या काही दशकांत इतकी वाहने येतील, असा अंदाज बांधला आणि त्या अंदाजावर समुद्रात खांब उतरवले. ते योग्यच होते, पायाभूत सुविधा अशाच बांधायच्या असतात. पण त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात उलव्यातल्या खारकोपर ते उरण या लोकलच्या दुसऱ्या टप्प्याचेही उद्घाटन झाले, आणि लोकलची गोष्ट निघाली की मात्र ‘आधी प्रवासी दाखवा’. मोटारवाल्यासाठी भविष्यकाळ आणि लोकलवाल्यासाठी वर्तमानकाळ, हे व्याकरण कुठल्या पाठ्यपुस्तकातले, ते आपण सांगावे. त्या सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. मोटारीला एका खेपेचा टोल 250 रुपये ठरला. बसच्या फेऱ्या नंतर सुरू झाल्या, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे उलव्याच्या दारातून सुरू होणारा हा भव्य रस्ता उलव्यातल्या दुचाकीवाल्याला फक्त बाल्कनीतून पाहता येतो.

‘रिकाम्या लोकल’ हा आपला शब्दप्रयोगही याच वाक्याचे शेपूट आहे, म्हणून त्याच्याबद्दलही लिहितो. नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतचा 12 किलोमीटरचा पहिला टप्पा नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाला तेव्हा फेऱ्या 40 होत्या. जानेवारी 2024 मध्ये मार्ग उरणपर्यंत गेला, लांबी दुपटीहून अधिक झाली, आणि फेऱ्या? त्याच 40, फक्त पुढे वाढवलेल्या. मधल्या पाच वर्षांत उलव्यात किती इमारतींना भोगवटा प्रमाणपत्रे मिळाली हे आपल्यासारख्या जाणकाराला मी सांगायला नको. अलीकडे काही फेऱ्यांची भर पडली आहे, तिचे स्वागतच आहे. पण त्या फेऱ्यांचे दोन फाटे होतात, हे लक्षात घ्यावे. काही गाड्या नेरूळच्या आणि काही बेलापूरच्या. ज्याला नेरूळला उतरून ट्रान्स हार्बरने ठाण्याकडे जायचे आहे त्याच्या कामाच्या गाड्या निम्म्याच उरतात. मुंबईला थेट गाडी नाही. हार्बरची लोकल चार मिनिटे उशिरा आली आणि पुलाच्या पायऱ्या धावत उतरूनही समोरून उरण गाडीचा शेवटचा डबा जाताना दिसला, की पुढचा जवळपास तास फलाटावर. असा अनुभव आठवड्यातून दोन वेळा आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात शेअर रिक्षा किंवा मोटारसायकल शोधतो, गाडीतली गर्दी कमी होते, आणि मग आपल्यासारखे सद्गृहस्थ येऊन सांगतात की पाहा, गाडी रिकामी जाते. दुकान दिवसातून दोन तास उघडायचे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, असा हा प्रकार आहे.

तोट्याबद्दल इतकेच म्हणेन, की या मार्गाचा 67 टक्के खर्च सिडकोने आणि 33 टक्के रेल्वेने उचलला आणि वाशीच्या मार्गालाही हेच सूत्र होते. सिडकोचा पैसा येतो भूखंडांच्या विक्रीतून. भूखंड विकताना नकाशावर स्थानक दाखवलेले असते, भूखंड घेणारा ते स्थानक किमतीत धरतो, आणि शेवटी सदनिका घेणारा ती किंमत हप्त्याहप्त्याने फेडतो. उलव्यातल्या कुठल्याही जुन्या जाहिरातीत ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे शब्द सापडतील. गाडीचे पैसे माणसाने घर घेतानाच दिलेले आहेत. ‘तोटा कोणी सोसायचा’ असे आपण विचारता, तेव्हा ज्याने आधीच पैसे मोजले त्यालाच आपण फुकट्या ठरवत आहात याची आपल्याला जाणीव आहे का? भूमिपुत्रांची गोष्ट तर वेगळीच. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1984 च्या जानेवारीत जासई आणि दास्तानला जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे आहे त्यांच्या नातवंडांना कॉलेजला जायला वेळेवर गाडी हवी, एवढीही मागणी आपल्याला जड वाटते.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण दिसत नाही. लेखक उलव्यात राहिला आहे का? नाही, मी नेरूळला राहतो. बहीण बामणडोंगरी स्थानकाजवळ राहते आणि माझे तिथे नेहमी जाणे-येणे असते. पण समजा नसते, तरी फेऱ्यांची संख्या माझ्या पत्त्यावरून बदलत नाही. आपण तरी कुठे राहता हे टोपणनावामागून कळत नाही, आणि मी ते विचारलेलेही नाही.

मेट्रो येणार आहे, हे आपण निकाल लागल्याच्या सुरात लिहिता. बेलापूर ते पेंधर या 11 किलोमीटरच्या मेट्रोचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि त्यावरून पहिली प्रवासी गाडी नोव्हेंबर 2023 मध्ये धावली. उलव्यात या वर्षी घर घेणाऱ्या जोडप्याचे मूल एवढ्या अवधीत बालवाडीतून माध्यमिक शाळेत पोहोचते. ‘येणार आहे’ या दोन शब्दांवर मुलाची शाळा, नोकरी आणि घरभाडे यांचा मेळ बसत नाही. म्हणून हाताशी असलेल्या रुळांवर आज जास्त गाड्या सोडा, एवढेच मी लेखात म्हटले होते आणि आपण त्या परिच्छेदाला हातही लावलेला नाही.

आणि विमानतळ. तो डिसेंबर 2025 पासून सुरू झाला, त्याचा आनंद मलाही आहे. पण विमानाने जाणारा प्रवासी वर्षातून काही वेळा जातो आणि टॅक्सीचे भाडे त्याला परवडते. तिथे सामान चढवणारा, काचा पुसणारा, सुरक्षा तपासणीला उभा राहणारा माणूस मात्र रोज जातो, पाळीने जातो, आणि त्यातले अनेक जण परवडणारे भाडे शोधत उलवे, उरण, पनवेल याच पट्ट्यात राहणार आहेत. रात्रपाळी सुटल्यावर किंवा पहाटेच्या पाळीला निघताना त्यांच्यासाठी कोणती गाडी आहे, हे पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी आपण खारकोपरच्या फलाटावर लावलेल्या वेळापत्रकात जरूर पाहून यावे. जाताना शक्यतो लोकलनेच जावे.