ड्रायव्हरच्या पगारात मे महिना कुठे आहे?

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जूनमध्ये दोन गोष्टी फिरतात. एक, कॉन्व्हेंटच्या गाडीची फी पुन्हा वाढली म्हणून पालकांची ओरड. दोन, 'अमेरिकेत स्कूल बसच्या ड्रायव्हरला तासाला दोन हजार रुपये मिळतात' असा एखादा व्हिडिओ. आकडा खोटा नाही. मिनेसोटात, जिथून हे लिहितो आहे, तासाला 20 ते 25 डॉलर हा दर सर्रास जाहिरातीत दिसतो. तरीही इथे ड्रायव्हर मिळत नाहीत. हे असं का, हे नीट पाहिलं तर यवतमाळ-वाशीमकडच्या पगाराचं कोडंही थोडं सुटतं.

तासाचा दर सोडा, तास मोजा. शाळेची बस सकाळी दोन-अडीच तास आणि दुपारी दोन-अडीच तास चालते. दिवसाचे पाच तास धरा, दर 22 डॉलर, वर्षाचे 170 दिवस: एकूण 18,700 डॉलर. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण 1,560. लहान गावातही हजार डॉलरच्या आत बऱ्यापैकी भाड्याचं घर शोधूनच सापडतं. त्यात आठवड्याला 30 तास भरले नाहीत तर मालकावर आरोग्यविमा देण्याची सक्ती नसते, आणि हे काम नेमकं 25 तासांवर अडतं. म्हणून इथे स्टिअरिंगवर बहुतेक दोन प्रकारची माणसं दिसतात: पेन्शन असलेले, किंवा ज्यांच्या जोडीदाराच्या नोकरीतून विमा मिळतो असे. घर चालवणारा तरुण मालट्रककडे जातो. परवाना तर तोच चालतो. उलट स्कूल बससाठी प्रवासी आणि शाळा अशा दोन नोंदी जादा काढाव्या लागतात.

याचा शेवट काय होतो तेही दिसलं आहे. सप्टेंबर 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांना मुलांची वाहनं चालवायला नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाचे जवान बोलवावे लागले. ऑगस्ट 2023 मध्ये लुईव्हिल शहरात ड्रायव्हर कमी म्हणून मार्ग नव्याने आखले, तर पहिल्याच दिवशी काही मुलं रात्री दहाच्या सुमारास घरी पोचली आणि शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

आता विदर्भात या. तिथला ड्रायव्हर पाच तासांत मोकळा होत नाही. गाडी त्याच्याच गावात मुक्कामाला, कारण पहिली पोरं तिथूनच उचलायची. रिकामे किलोमीटर वाचतात, हे शहाणपणाचंच आहे. पण एकदा तालुक्याला शाळेत पोचला की परत जाण्याचं डिझेल कोण देणार? म्हणून संध्याकाळपर्यंत तो शाळेच्या आवारात बसून. सकाळी सातला निघालेला माणूस संध्याकाळी सहाला घरी. अकरा तास अडकले, मोजले गेले पाच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, दोनपेक्षा जास्त तुकडे नाहीत आणि सुरुवात ते शेवट बारा तासांच्या आत, असं लिहून ठेवलं होतं. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांसाठी होता. एका गाडीचा मालक त्यात बसतच नव्हता.

दुसरा फटका उन्हाचा. मार्चपासून सकाळची शाळा, मग सुट्टी, आणि राज्यात इतरत्र जूनच्या मध्यात शाळा उघडली तरी विदर्भात जूनचा शेवट उजाडतो. पालक दहा महिन्यांची फी देतात, मालक दहा महिन्यांचा पगार देतो. 10 हजार पगार म्हणजे वर्षाला एक लाख, महिन्याला 8,333. रेशनचं धान्य फुकट आहे, घर स्वतःचं आहे, म्हणून खेड्यात स्वस्ताई, असं पुण्यात बसून म्हणायला सोपं. सिलिंडर, मोबाइलचा रिचार्ज, दवाखाना आणि पोट्ट्यांची शिकवणी यांचे दर खेड्यासाठी वेगळे नसतात. दवाखान्याला तर वर जाण्या-येण्याचं भाडं. किमान वेतनाच्या परिमंडळांत मात्र ग्रामीण भाग सगळ्यात खाली.

मालक लुटारू आहे असं समजू नका. हिशेब मांडू. एक ट्रॅव्हलर, रोजचे 80 किलोमीटर, खराब रस्त्यावर दहाचा ॲव्हरेज: 8 लिटर. डिझेल 92 धरलं तर दिवसाला 736, आणि 24 दिवसांचे 17,664. वीस मुलं, प्रत्येकी हजार रुपये, म्हणजे 20 हजार. उरले 2,336. यात ड्रायव्हर, मदतनीस बाई, विमा, फिटनेस, मागच्या जोडचाकांसह सहा टायर आणि काळ्या मातीच्या खड्ड्यांत तुटणारे पाटे. जमत नाही. मग त्याच गाडीत तीस मुलं बसतात, आणि उरतात 12,336. पोलिसांनी गाडी अडवली की पेपरात 'कोंबून वाहतूक' येतं. ती कोंबाकोंबी फीच्या आकड्यातच लिहिलेली असते. आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली जाते ती मदतनीस, दुसरा जातो ब्रेक लायनर, तिसरा ड्रायव्हर, जो स्वतःहूनच जातो. वणी-घुग्गुसच्या कोळशाच्या टिप्परवर, नाहीतर जेसीबीवर. त्याच्या जागी येतो तो बहुधा नवशिका.

परवान्याची अडचणही आता उरली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतचं वाहतूक वाहन चालवता येतं. या कारणावरून विम्याचे दावे नाकारले गेलेल्यांसाठी निकाल चांगला. पण इको किंवा मॅजिकवर कोणालाही बसवायचा रस्ताही रुंद झाला, हे मान्य करायला हवं.

'अमेरिकेसारखं करा' म्हणणाऱ्यांनी दर नव्हे, पैसे कशाचे मोजतात ते उचलावं. मिनेसोटात गाडी सुटण्याआधीची तपासणी पगारी वेळेत धरतात: टायर, दिवे, ब्रेकची हवा गळते का, मागचं आपत्कालीन दार उघडलं की भोंगा वाजतो का. फेरी संपल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, झोपलेलं मूल राहिलं नाही ना बघायचं. अनेक बसमध्ये अलार्म बंद करायचं बटणच मागे असतं. अकोल्याच्या 44 अंशांत बंद गाडीत राहिलेल्या मुलाचं काय होईल, हे सांगायला नको. ही पाच मिनिटं फुकट मागितली की ती होत नाहीत. उन्हाळ्याचंही तसंच. तासावर काम करणाऱ्या शाळेच्या कर्मचाऱ्यांना सुट्टीत बेकारी भत्ता मिळावा, असा कायदा मिनेसोटाने 2023 मध्ये केला, अमेरिकेत सगळ्यात आधी. सरकारने सुरुवातीला दिलेले पैसे संपल्यावर भार कोणी उचलायचा, यावर इथेही भांडण आहेच.

शासनाची बाजू आणखी गमतीची. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले. विरोध झाला तो शिक्षकांच्या पदांवरून आणि मुलांच्या हक्कावरून, आणि योग्यच झाला. मुलांना त्या लांबच्या शाळेत नेणारी गाडी कोण चालवणार हा प्रश्न मागेच राहिला. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची कमाल मर्यादा मुलामागे वर्षाला 6,000, म्हणजे दहा महिन्यांत 600 रुपये महिना. वरचा हिशेब पुन्हा लावा: वीस मुलांचे 12 हजार, आणि डिझेलच साडेसतराचं.

त्यापेक्षा एसटीच्या मानव विकास योजनेतल्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या गाड्या वाढवणं मला पटतं. तिथल्या चालकाला वेतनश्रेणी आहे, पीएफ आहे, मे महिन्याचा पगार आहे, आणि पाचवी ते बारावीच्या मुलींना प्रवास मोफत आहे. अर्थात वेतनश्रेणी असूनही 2021-22 चा संप झालाच, एसटी राज्य शासनात विलीन करा या मागणीवरून तो लांबला, आणि त्या महिन्यांत खेड्यातल्या मुली पायी गेल्या किंवा घरी राहिल्या. फाट्यावर न थांबणारी गाडी हाही रोजचा त्रास.

जिथे खाजगी गाडीच आहे तिथे 2011 च्या राज्याच्या स्कूल बस नियमांनी एक हत्यार दिलं आहे: मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालची परिवहन समिती. गाडीचं शुल्क आणि थांबे हे तिच्याच कामात येतात. तिने फी ठरवताना ड्रायव्हरचा वर्षाचा पगार आधी लिहावा आणि मग उलटा हिशेब करावा. वरच्या उदाहरणात 12 महिने 14 हजारांनी 1,68,000, मदतनिसाला 72,000, दहा महिन्यांचं डिझेल 1,76,640, टायर-विमा-दुरुस्तीला सव्वा लाख धरा: 5,41,640. वीसऐवजी सव्वीस मुलं धरून वाटलं तर वर्षाला 20,832, बारा हप्त्यांत 1,736. आज हजार भरणाऱ्याला हे जड आहे, आणि कापसाला भाव नसलेल्या वर्षी अशक्यही. मधला फरक कोण भरणार, संस्था, ग्रामपंचायत की शासन, यावर वाद घालावा; ड्रायव्हरच्या मे महिन्यातून तो भरू नये. करार एप्रिलमध्येच व्हावा. कोळशाच्या ठेकेदाराला माणूस मेमध्येच लागतो.