कन्सोलसाठी महागडी एसएसडी घेण्याआधी एवढं वाचा

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, दुकानदार म्हणतोय सेकंदाला ७,३०० एमबी वाचणारीच एसएसडी घे, पीएस५ वर गेम चुटकीसरशी उघडतील." पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल आणि एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह. पोरगा पहिल्या पगारातून घेतोय. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात.

आधी माझ्या जुन्या पीएस४ बद्दल. २०१३ चं मॉडेल, आत ५०० जीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, लॅपटॉपला असते तसली हार्ड डिस्क. विचर ३ हा गेम सुरू केला की तो लोड होईपर्यंत तेच ते निवेदन ऐकत बसायचं. शेवटी एका रविवारी वरचं चकचकीत झाकण सरकवलं, त्रिकोण-गोल-फुली-चौकोन कोरलेला तो एकुलता एक मोठा स्क्रू काढला आणि साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) एसएसडी बसवली. पेनड्राइव्हवरून सिस्टिम सॉफ्टवेअर टाकलं, गेम पुन्हा डाउनलोड केला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. आधी सव्वा मिनिट लागायचं, ते पाऊण मिनिटावर आलं.

आनंद झालाच. पण एसएसडी हार्ड डिस्कच्या कितीतरी पट वेगाने वाचते, मग वेळ निम्म्यावरही का येऊ नये?

कारण लोडिंग म्हणजे नुसतं वाचणं नाही. डेटा दाबून ठेवलेला असतो. तो उलगडायचा, मेमरीत जागच्या जागी लावायचा, मग गेमचं जग उभं करायचं. हे सगळं पीएस४ मध्ये १.६ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला करावं लागतं. ट्रकने धान्याची पोती भराभर आणून टाकली, तरी निवडायला एकच बाई बसली असेल तर डबे भरायला वेळ लागणारच. म्हणून पीएस४ वाल्यांनी स्वस्तातली साटा एसएसडी जरूर टाकावी, पण तिथे महागडीला जास्त पैसे मोजू नयेत.

कधी कधी तर दोष ड्राइव्हचा नसतोच. जीटीए ऑनलाइन हा गेम पीसीवर उघडायला कित्येक मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने स्वतःच खोदून काढलं की जेमतेम १० एमबीची एक यादी गेम अत्यंत वेडगळ पद्धतीने वाचतोय. त्याने ते दुरुस्त केलं आणि लोडिंग जवळपास ७० टक्क्यांनी घटलं. ड्राइव्ह तीच! कंपनीने चूक मान्य करून त्याला १० हजार डॉलर दिले.

पीएस५ ची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती मनापासून आवडते. पीएस५ ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये ती समजावून सांगितली होती. हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे जाण्यातच वेळ जातो, म्हणून पीएस४ च्या स्पायडरमॅन गेममध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंचा डेटा डिस्कवर ४०० वेळा लिहून ठेवावा लागला होता. चारशे वेळा, तीच पेटी! पीएस५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते, शिवाय दाबलेला डेटा उलगडायला वेगळं हार्डवेअर दिलंय. म्हणजे निवडणारी बाई बदलली. खरी कमाल त्या जोडीची आहे, एकट्या ड्राइव्हची नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. सप्टेंबर २०२१ पासून पीएस५ मध्ये जास्तीची एम.२ एसएसडी (पट्टीसारखी, आतल्या खाचेत बसणारी) बसवता येते. सोनी सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून जास्त वेगाची, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लावलेली ड्राइव्ह घ्यायला सांगते. गेम बनवणारे तर प्रत्येक पीएस५ मध्ये मुळात असलेल्या ड्राइव्हचाच वेग धरून गेम बनवतात. मग ७,३०० ची बसवून मिळणार काय? सेकंदाचा एखादा तुकडा, तोही घड्याळ लावलं तर. आणि पीएस५ वर पीएस४ चे गेम खेळायचे असतील तर यूएसबीने जोडलेली साधी एसएसडीही पुरते.

खरी अडचण जागेची आहे. ८२५ जीबीच्या पीएस५ मध्ये गेमसाठी ६६७ जीबीच उरतात. एकेक गेम शंभर जीबीचा असला की सहा-सात गेममध्ये खेळ खलास, मग एक उडवा आणि दुसरा रात्रभर उतरवत बसा. वाचवायचा तो हा वेळ.

भाच्याला म्हटलं, ५,५०० च्या वरची कुठलीही चांगली घे, पण २ टीबीची घे. आणि हीटसिंकसकट उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत आहे ना, ते खोक्यावर बघूनच पैसे दे. रविवारी ड्राइव्ह घेऊन येतोय, स्क्रू ड्रायव्हर काढून ठेवलाय.