डबा फेकलात, इंजेक्शनचं काय? जिम आणि टकलाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, जिमला जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना उद्देशून लिहिलेला. मजकूर थोडक्यात असा: क्रिएटिनने टक्कल पडतं हे संशोधनात सिद्ध झालंय, व्हे प्रोटीनमध्ये हार्मोन असतात, पटत नसेल तर जिममधल्या पोरांची डोकी बघा, डबा काय नि इंजेक्शन काय, सगळं एकच, डबे फेकून द्या, तीन महिन्यांत केस परत येतील. यातला डबा म्हणजे प्रोटीन, क्रिएटिन अशा जिमच्या पावडरींचा, आणि इंजेक्शन म्हणजे स्टेरॉइडचं.

मी आहारतज्ज्ञ आहे. कोथरूड आणि सिंहगड रोडकडच्या जिममधली बरीच मुलं माझ्याकडे येतात, हल्ली त्यांच्याबरोबर हा मेसेज वाचून घाबरलेल्या त्यांच्या आयाही येतात. मेसेजमध्ये थोडं खरं आहे, बरंच चुकीचं आहे, आणि एक वाक्य धोकादायक आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"क्रिएटिनने टक्कल पडतं, संशोधनात सिद्ध झालंय"

क्रिएटिन म्हणजे स्नायूंची ताकद वाढावी म्हणून जिममधली मुलं घेतात ती पावडर. कोणतं संशोधन ते मेसेजमध्ये नाही, पण या बाबतीत जगभर बोट दाखवलं जातं ते एकाच अभ्यासाकडे. २००९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी रग्बी खेळणाऱ्या २० तरुणांवर तो केला. पहिले ७ दिवस रोज २५ ग्रॅम क्रिएटिन, म्हणजे जिमच्या भाषेत लोडिंग, आणि पुढे १४ दिवस रोज ५ ग्रॅम. लोडिंगनंतर रक्तातलं डीएचटी हे हार्मोन ५६ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं आणि तीन आठवड्यांच्या शेवटीही ते ४० टक्क्यांनी जास्त होतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन मात्र होतं तेवढंच राहिलं.

डीएचटी म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन '५-अल्फा रिडक्टेज' नावाच्या एन्झाइममुळे या जास्त जहाल रूपात बदलतं. ज्यांच्या डोक्यावरच्या केसांची मुळं आनुवंशिकतेने या हार्मोनला नाजूक असतात, त्यांचे केस त्यामुळे उगवण्याच्या दर फेरीला बारीक आणि आखूड होत जातात. गंमत म्हणजे हेच हार्मोन दाढी मात्र दाट करतं. डीएचटी आणि टकलाचं नातं पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही. १९४२ मध्ये अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं होतं की वयात येण्यापूर्वी अंडकोष काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर पडतं, पण ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांनाच.

त्यामुळे २००९ चा आकडा वाचून कुणालाही धडकी भरेल. पण त्या अभ्यासात कुणाच्या डोक्यावरचा एक केससुद्धा मोजलेला नव्हता. वाढलेलं डीएचटीही निरोगी पुरुषांच्या नेहमीच्या पातळीतच होतं, आणि त्याच मुलांनी एका फेरीत क्रिएटिन नि दुसऱ्या फेरीत निरुपद्रवी पावडर घेतली होती, त्यांतल्या क्रिएटिनच्या फेरीत मुळात सुरुवातच खालून झाली होती. खालून सुरुवात झाली की टक्केवारी मोठी दिसणारच.

केस प्रत्यक्ष मोजले गेले ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या चाचणीत. व्यायामाची सवय असलेले ४५ पुरुष, निम्म्यांना रोज ५ ग्रॅम क्रिएटिन, निम्म्यांना दिसायला तसंच पण निरुपद्रवी पीठ, असे १२ आठवडे. शेवटपर्यंत टिकले ३८. रक्तातलं डीएचटी, केसांची घनता, केसांची जाडी, सगळं तपासलं. दोन्ही गटांत फरक सापडला नाही.

या चाचणीलाही मर्यादा आहे, ती सांगायलाच हवी. टक्कल वर्षानुवर्षं हळूहळू पडतं आणि १२ आठवडे हा त्या मानाने छोटा काळ. म्हणून "क्रिएटिनने केसांना कधीच काही होणार नाही" अशी हमी मी देत नाही. पण "सिद्ध झालंय" हे धडधडीत खोटं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी लोडिंग करू देत नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तरी महिनाभरात स्नायूंत क्रिएटिन तेवढंच भरतं, उगाच पोट बिघडवून घेण्यात अर्थ नाही. आणि ज्याच्या वडिलांचे केस पंचविशीत गेले, ज्याला या विचाराने झोप लागत नाही, त्याने क्रिएटिन खुशाल सोडावं. त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

"व्हे प्रोटीनमध्ये हार्मोन असतात"

घरी पनीर करताना जे हिरवट पाणी खाली उरतं, ज्यात काहीजणी कणीक मळतात, त्यातलं प्रथिन म्हणजे व्हे. कारखान्यात ते चीज करताना निघतं, गाळून, सुकवून डब्यात भरतात. दुधात नैसर्गिक हार्मोन अत्यल्प असतात हे खरं, पण मग ते सकाळच्या चहातही असतात. व्हेमुळे टक्कल पडतं असं दाखवणारी एकही चाचणी नाही. काही मुलांच्या तोंडावर, पाठीवर मुरमं मात्र उठतात. तसं झालं तर व्हे थांबवून बघावं.

उलट बाजूकडे जरा नीट बघू. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या आणि संध्याकाळी जिमला जाणाऱ्या मुलाचं मेसचं ताट माझ्या चांगलं ओळखीचं आहे: तीन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, रस्सा जास्त नि फोडी कमी अशी बटाट्याची भाजी, मूदभर भात. यात प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम. दोन वेळचे झाले ४०. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ७० किलोच्या, व्यायाम न करणाऱ्या माणसालासुद्धा दिवसाला ५८ ग्रॅमच्या आसपास लागतात. वजनं उचलणाऱ्याला शंभरच्या पुढे. केस स्वतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, आणि शरीराला तोटा पडला की पहिली काटछाट केसांवर होते. अशा मुलाचा डबा फेकून दिला आणि त्याजागी अंडी, सोयाबीन, पनीर, उसळी यांतलं काहीच ताटात आलं नाही, तर केस वाचवायला म्हणून केलेल्या गोष्टीनेच केस गळतील. पावडर घेतलीच पाहिजे असं माझं मुळीच म्हणणं नाही. प्रथिनं मिळाली पाहिजेत, एवढंच.

"जिममधल्या पोरांची डोकी बघा"

बघते की. मुलं जिम लावतात ती साधारण विशीत, आणि आनुवंशिक टकलाची सुरुवातही त्याच वयात होते. पन्नाशीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांत ते दिसतं, जिमचं तोंड न पाहिलेल्यांतही. त्यात जिममध्ये चारी बाजूंनी आरसे, डोक्यावर थेट पडणारे दिवे आणि घामाने चिकटलेले केस. घरच्या आरशात न दिसणारी टाळू तिथे लखकन दिसते. "मामावर गेलाय" असं आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे, कारण यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं. पण वडिलांकडूनही बरीच येतात, तेव्हा दोन्ही घरांतली डोकी बघावीत.

आणखी एक गफलत मला सारखी दिसते. एखादा मुलगा स्पर्धेसाठी किंवा लग्नासाठी 'कटिंग' करतो. भात बंद, पोळी बंद, तेल बंद, दोन महिन्यांत दहा किलो खाली. त्यानंतर नेहमीचं खाणं आणि नवा डबा सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच केस मूठमूठ हातात येऊ लागतात. साहजिकच खापर नव्या डब्यावर. खरं कारण मागे घडून गेलेलं असतं: उपासमार, तीव्र ताप किंवा मोठ्या आजाराच्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. पुण्यात पावसाळ्यात डेंगी होऊन गेलेल्यांचे केस दिवाळीच्या आसपास का गळतात, त्याचंही हेच उत्तर. हे केस सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ होतात आणि कारण दूर झालं की बहुतेकदा परत येतात. आनुवंशिक टक्कल कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि माथ्यावरून सरकतं.

"डबा काय नि इंजेक्शन काय, सगळं एकच"

मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो.

ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स, म्हणजे स्नायू फुगवायला घेतलं जाणारं टेस्टोस्टेरॉन आणि त्यासारखी औषधं, केसांचं नुकसान करतात. इथे शंका नाही. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शरीरात नेहमीच्या कितीतरी पट हार्मोन ओततात आणि त्यातलं बरंचसं डीएचटी होतं. स्टॅनोझोलॉल, ऑक्झँड्रोलोन यांसारखी औषधं तर मुळातच डीएचटीच्या साच्यावर बनवलेली आहेत. म्हणून "सायकलबरोबर (म्हणजे स्टेरॉइडच्या कोर्सबरोबर) फिनास्टेराइड घे, केस वाचतील" हा लॉकर रूममधला सल्लाही फसवा आहे. फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होणं अडवतं; जे आधीच त्या जातीचं आहे त्याला काय अडवणार? आणि केस ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. हृदय, यकृत, वीर्य, मनाचा तोल, सगळ्यालाच झळ बसते.

माझ्याकडे आलेल्या एका काकूंनी हा मेसेज वाचून मुलाचा व्हेचा डबा कामवाल्या मावशींना देऊन टाकला होता. त्या समाधानात होत्या. मुलगा माझ्याशी एकटा बोलला तेव्हा त्याने बॅगेच्या आतल्या कप्प्यातून इंजेक्शनच्या औषधाची बिनलेबलची छोटी बाटली, व्हायल, काढून दाखवली. ट्रेनरदादाने दिलेली, "व्हिटॅमिनसारखंच आहे रे" म्हणून. घरात आधीच सगळं 'तसलंच' मानलं जात होतं, त्यामुळे त्यालाही डब्यावरून व्हायलवर जाताना फार मोठी रेघ ओलांडतोय असं वाटलं नव्हतं. डबा आणि इंजेक्शन एकच म्हटल्याचा परिणाम हा असा होतो. डबा पकडला जातो, व्हायल सुटते.

टेस्टोस्टेरॉन हे आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मेफेंटरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर वापरायचं औषध; तेही जिमला जाणाऱ्या मुलांना 'पंप'साठी, म्हणजे व्यायामात स्नायू फुगावेत म्हणून, विकलं जातं आणि पुण्यात पोलिसांनी अशी इंजेक्शनं वेळोवेळी पकडली आहेत. ही बातमी त्या मेसेजपेक्षा दहापट जास्त घरांत पोचायला हवी होती.

डब्यांच्या बाबतीत काळजी करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: आत काय आहे. २०२४ मध्ये भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास ७० टक्के पावडरींवर प्रथिनांचा आकडा चुकीचा छापलेला निघाला. काहींत शिसं, काहींत बुरशीचं विषही सापडलं. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये सेलेनियम लेबलपेक्षा सुमारे २०० पट भरलं गेलं आणि २०० च्या वर लोकांना विषबाधा झाली. केस गळणं हे त्यातलं ठळक लक्षण होतं. व्हिटॅमिन ए अति झालं तरी केस गळतात. मास गेनर (वजन वाढवायची पावडर), मल्टिव्हिटॅमिन आणि 'हेअर गमीज' (केसांसाठीच्या चघळायच्या गोळ्या) अशा तिन्हींत तीच जीवनसत्त्वं असतात आणि त्यांची बेरीज कुणी करत नाही. मुलगा डबा घेऊन आला की मी आधी मागची बाजू वाचायला लावते: एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना, बॅच नंबर, घटकांची पूर्ण यादी. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून प्रमाण लपवलेलं असेल किंवा 'टेस्टो', 'ॲनाबॉलिक' असले शब्द मिरवत असतील, तर तो डबा घरात नको. जिममध्ये सुटी, पुड्या बांधून मिळणारी पावडर तर हातातही धरू नये.

"डबे फेका, तीन महिन्यांत केस परत येतील"

कटिंगने किंवा तापाने गळलेले केस परत येतील, ते डबा फेकल्यामुळे नव्हे. आनुवंशिक टक्कल डबा फेकून थांबणार नाही, आणि तीन महिने वाट बघण्यात उपचाराचा काळ वाया जाईल. मिनोक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधं मुळं पूर्ण बारीक होण्यापूर्वी सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. तीही त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावीत. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नाही, की माझ्याही नाही. तिथे जाताना हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड असे रिपोर्ट असतील तर बरोबर न्या, आणि बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी सांगा, कारण त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

आणि इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. कोणतं, किती, कधीपासून. डॉक्टर ते घरी सांगत नाहीत. स्टेरॉइड घेत असताना शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं मंदावलेलं असतं, त्यामुळे ते सोडण्याचं कामही आपल्या मनाने न करता एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या, देखरेखीखाली करायला हवं. काकूंच्या मुलाला मी तिथेच पाठवलं. व्हायल बरोबर घेऊन जा असं सांगितलं, म्हणजे त्यात काय होतं याचा अंदाज तरी डॉक्टरांना घेता येईल.