माझा हिमालयाशी काही संबंध नाही

शनिवारी किराणा घेऊन घरी आलो तर शेजारचे आजोबा हातात मोठी कात्री घेऊन आमच्या कुंपणाशी उभे आणि माझ्या ब्लॅकबेरीच्या झुडपाच्या सगळ्या हिरव्यागार लांबलचक फांद्या खाली आडव्या. "तुझं साफ करून दिलं!" वाळलेल्या तपकिरी काड्या मात्र तारेवर जशाच्या तश्या.

ब्लॅकबेरीची फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळ देते आणि मरते. म्हणजे आत्ता सप्टेंबरात मेलेल्या कापायच्या आणि हिरव्या जपायच्या. आजोबांनी बरोब्बर उलटं केलं, पुढच्या उन्हाळ्यात फळ शून्य.

मी म्हटलं, अहो ही मी लावलेली आहे, नर्सरीतून आणून.

"विकत??" कुंपणाला धरून हसले. तसं सिअ‍ॅटलमध्ये ब्लॅकबेरी विकत घेणं म्हणजे आपल्याकडे गाजरगवताचं रोप पैसे देऊन आणण्यासारखं आहे, मान्य, पण माझी ट्रिपल क्राउन जातीची आहे, बिनकाट्याची! तर म्हणे काटे नाहीत ती ब्लॅकबेरी कसली. मग एकदम बारीक डोळे करून, "तू इंडियाचा ना? ही हिमालयन ब्लॅकबेरी तुमचीच. आयुष्यभर उपटतोय मी."

"मी सांगलीचा आहे."

"तिथून हिमालय दिसतो?"

"तिथून कोल्हापूरपण दिसत नाही हो."

मग मी शांतपणे सांगायला गेलो की ते झुडूप मूळचं आर्मेनिया-इराणकडचं, कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँक नावाच्या, झाडांच्या नव्या जाती काढणाऱ्या माणसाने भारतातून आलेल्या बियांपासून वाढवलं आणि 1885 मध्ये हिमालयाचं नाव देऊन बाजारात आणलं, म्हणजे तुमच्याच माणसाने... पण आजोबांनी 'भारतातून बिया' एवढंच ऐकलं. "बघ! मी काय म्हणत होतो!"

त्यांचा राग खोटा नाही. फांदीचं टोक जमिनीला टेकलं की तिथे मूळ धरतं, हायवेच्या कडेला बघावं तिकडे तीच जाळी, राज्याने तिला तणांच्या यादीत टाकलंय. पण दर ऑगस्टला त्यांच्याच मागच्या जाळीतून बादली भरून बेऱ्या काढतात, त्यांचा 'पाय' (pie) भाजतात, वास आमच्या किचनपर्यंत येतो आणि तुकडा काही येत नाही. तेव्हा नाही हिमालय आठवत. आणि इतकी वर्षं इथे टॅक्स भरतोय, तरी रस्त्याकडेच्या तणाचा हिशोब मीच द्यायचा?

बायको म्हणाली, जाऊ दे रे, म्हातारा माणूस, एकटा असतो. बरोबर आहे, म्हाताऱ्यांना सगळं माफ, फक्त कात्री कोणी दिली ते कळू दे.

जाताना म्हणाले, "बेऱ्या हव्या असतील तर माझ्याकडून फुकट ने पुढच्या वर्षी. हातमोजे तुझे आण." आणि कापलेल्या फांद्या माझ्याच बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात कोंबून गेले, त्यांचा भरला होता म्हणे.